दोरूची बाटली, चाकूरचा टँकर

ऐन दुष्काळात अंगणातल्या वेलीला लागलेला पहिला घड मी घरच्यांना न देता साहेबांना नेऊन दिला. एवढी मी शहाणी!

परवा नातीनं पोर्तुगालची वाइन आणली आणि दोरू नदीकाठच्या द्राक्षांच्या जाती मला शिकवू लागली: तुरिगा नासियोनाल, तिंता रोरिज. "आजी, तिथं जुन्या वेलींना पाणी देत नाहीत. मुळं खडकात खोल जातात." मी नुसता वास घेतला, बरं, एक घोटही घेतला, आणि लातूरकडचं माझं सासर, चाकूर आठवलं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. विहिरी आटलेल्या. खरकट्या पाण्यावर मी ती वेल जगवली होती. नव्या जिल्ह्याचे कलेक्टर साहेब येणार म्हणून इरकल नेसून, ताटात घड घेऊन मी बावळट वेशीत उभी. तेवढ्यात टँकर आला. बाया घागरी घेऊन धावल्या, पण साहेबांच्या गाडीवर धूळ नको म्हणून टँकरवाल्यानं सगळं पाणी रस्त्यावर शिंपडलं. आजही आठवलं की डोकं सणकतं. आणि मी? साहेब येताच हसत ताट पुढं केलं.

साहेब गेल्यावर सासूबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन म्हणाल्या, "घड साहेबानं खाल्ला, पानी रस्त्यानं पेलं. आता ह्या रस्त्याला कवा द्राक्षं लागतेत, बस हितंच बघत."