सिंधुआत्याचे दोन औंस

जानेवारीतल्या एका सकाळी हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंनी मला फोनकडे बोलावलं. साकोलीहून ट्रंककॉल होता. बाबा फोनवर नेहमी ओरडून बोलतात, जणू तारेवर त्यांचा विश्वास नाही आणि आवाज स्वतःच नागपूरपर्यंत पोहोचवायचा आहे. त्या दिवशी मात्र ते हळू बोलले. "मिनू, सिंधू गेली." मग ते म्हणाले, "थंडी आहे. एसटीत खिडकीपाशी नको बसू," आणि फोन बंद झाला.

सिंधुआत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. साकोलीच्या दवाखान्यात ती सिस्टर होती. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ती एकटी राहायची. रात्रपाळी करून आली, चहा ठेवला, खुर्चीत बसली... चहा उतू गेल्याचा वास शेजारी गेला तेव्हा लोक आले. बाबा नंतर एवढंच म्हणाले, "तिच्या हातून कधी काही उतू गेलं नव्हतं."

आत्या वाइन करायची. हे वाक्य असं सरळ लिहायला मला आज इतकी वर्षं लागली. नागपूरला, आधी शाळेत आणि आता नोकरीत, मी ते कधी कुणाला सांगितलं नाही, आणि साकोलीत ते सगळ्यांना माहीत असल्यामुळे सांगायची गरज नव्हती. नर्सिंग शिकताना तिच्या हॉस्टेलची मेट्रन नाताळासाठी मनुकांची वाइन करत असे. आत्या तिला मदत करायची, आणि साकोलीला येताना ती कृती वहीत उतरवून घेऊन आली. पण साकोलीत द्राक्षं कुठली? जूनमध्ये जांभळं मात्र टोपल्यांनी येत. हिवाळ्यात बोरं येत. मनुका मी नागपूरहून आणायची.

तिची सगळी हत्यारं दवाखान्यातली होती. सलाइनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या, ज्या फेकूनच दिल्या जात, ती उकळून घ्यायची. जांभळं मिठाच्या पाण्यात धुवून, कुस्करून, साखर आणि बेकरीतलं खमीर घालून आठवडाभर बरणीत ठेवायची. मग मलमलीतून गाळून रस सलाइनच्या बाटल्यांत. बाटलीच्या रबरी बुचातून सलाइनचीच नळी निघायची आणि तिचं टोक पाण्याच्या वाटीत बुडालेलं असायचं. त्या वाटीत बुडबुडे येत. आत्या युनिफॉर्मला अडकवलेलं घड्याळ हातात धरून मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजायची. "ताप आहे अजून," म्हणायची. पंधरा-वीस दिवसांनी म्हणायची, "नाडी मंदावली. आता झोपू दे."

आणि मग कुठल्याशा रविवारी दुपारी चार वाजता तिच्या अंगणात माणसं जमायची. दवाखान्यातली आया शेवंताबाई, कंपाउंडर मेश्रामकाका, पोस्टातले एक-दोघं आणि त्यांच्या बायका, सुट्टी असली तर मी. प्रत्येकाला औषधाच्या मापाच्या पेल्यातून दोन औंस. पेल्यावरच्या रेघेच्या वर एक थेंब नाही. अर्धा तास लावून प्यायचं. दुसऱ्यांदा मिळायचं, तेही दोनच औंस. तिसऱ्यांदा मागितलं की पुढच्या वेळी आमंत्रण नाही. पोस्टातल्या एकाने एकदा मागितलं. माणूस चांगला होता, पण तो त्या अंगणात पुन्हा दिसला नाही.

दुसरा नियम बोलण्याचा होता. 'छान' म्हणायचं नाही, 'मस्त' म्हणायचं नाही. कशासारखं लागतं ते सांगायचं. पहिल्या रविवारी आत्याने जांभळाच्या वाइनबरोबर तलावातले सुकवलेले झिंगे भाजून ठेवले होते. शेवंताबाईंनी एक घास, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"शिष्टरबाई, खरं सांगू का? तांब्याचा पैसा चोखल्यावानी लागून राहिलं."

सगळे हसले. आत्या हसली नाही. तिने स्वतः घास-घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "बरोबर आहे. मिनू, लिही."

मी लिहून घेणारी झाले ती तेव्हापासून. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठीत ऐन वेळी शब्द सापडत नाही, आणि मग गप्प बसणंच बरं वाटतं. आत्याने हे ओळखलं होतं, पण मला कधी बोलायला लावलं नाही. फक्त एक लांबट वही आणि पेन दिलं. त्या वहीत आज वाचते तर कळतं की लाखोळीच्या डाळीचे वडे आणि जांभूळ ही जोडी सापडायला आम्हाला पाच रविवार लागले. झिंगे बोराच्या वाइनबरोबर जमले. मनुकांच्या वाइनबरोबर करंजी ठेवली तेव्हा वाइन एकदम आंबट लागायला लागली, आणि मेश्रामकाकांच्या बायकोने म्हटलं की ही सवतीसारखी करते. तेही मी लिहिलं आहे.

मेश्रामकाका स्वतः पीत नसत. ते बौद्ध, त्यांनी पंचशील मनापासून घेतलेलं. पण त्यांना गंमत आवडायची, म्हणून ते यायचे, पेला नाकाशी धरायचे आणि बायकोकडे द्यायचे. भिंतीलगतच्या बाकावर ते एकटेच बसत. त्या बाकावर दुसरा माणूस कसा आला ते सांगायला हवं.

आमचं मूळ गाव आंधळगाव. आजोबा मोहाची पीत. रोज. त्याविषयी घरात कुणी बोलत नाही आणि मीही इथे जास्त लिहिणार नाही. आजी गेली त्या आठवड्यात बाबांनी तिच्या पायाला हात लावून शब्द दिला होता की दारूचा थेंब जिभेला लागू देणार नाही. बाबा साकोलीच्या शाळेत मास्तर. मास्तरच्या बहिणीने क्वार्टरमध्ये भट्टी लावली आहे, असं कुणीतरी पानठेल्यावर बोललं आणि ते बाबांच्या कानावर आलं. सत्त्याहत्तरचा नाताळ होऊन गेला होता. मी सुट्टीवर होते. रविवारी ते सायकल काढून निघाले तेव्हा आईने मला मागे पाठवलं.

अंगणात बारा-पंधरा माणसं बसलेली. बाबांनी सायकल भिंतीला टेकवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सिंधू, कायले करून राहिली हे? बापाच्यानं पोट नाही भरलं का आपलं?"

आत्याने हातातला पेला खाली ठेवला नाही.

"दादा, आपल्या घरात कोणी बसून, बोलून, चव घेऊन पेलं का कधी? एकानं तरी? मले पाहायचं होतं की हे असंही असू शकते का."

"मले नाही पाहायचं."

"मंग नको पाहू. वास घे. वास घेतला तं शब्द मोडत नाही ना?"

मेश्रामकाका बाकावर सरकले आणि हळूच म्हणाले, "या ना गुरुजी. हा वासाचाच बाक आहे."

बाबा का बसले हे मला अजून नीट सांगता येत नाही. कदाचित सगळ्यांसमोर ओरडल्याची लाज वाटली असेल. त्यांनी पेला नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "ओल्या धानाच्या पोत्यात हात घातल्यावानी... आन खालून लवंग आहे. लवंग टाकली का?"

आत्याने लवंग टाकली होती. एका बरणीत एक. ती आजवर कुणालाच कळली नव्हती.

त्यानंतरची सात-आठ वर्षं बाबा त्या बाकावर बसत आले. सुरुवातीला लक्ष ठेवायला म्हणून, मग नुसतेच. त्यांच्या नाकाला इतका मान आला की नवीन बाटली उघडली की आत्या आधी त्यांच्याकडे न्यायची. कशाबरोबर जाईल ते ते सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. पानठेल्यावरचं बोलणं कधी थांबलं ते कळलंही नाही. बोलणाऱ्याची बायकोच अंगणात यायला लागली होती. माझ्या वहीत इतरांच्या नावापुढे चव लिहिली आहे, बाबांच्या नावापुढे दर वेळी 'वास' असं लिहून पुढे त्यांचे शब्द.

गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे दोन दिवस राहिले. तीच शेवटची भेट. तिने पलंगाखालच्या ट्रंकेतून एक बाटली काढली. बुचावर मेणाचं सील, आणि काचेवर जखमेला लावायच्या चिकटपट्टीवर निळ्या शाईत तिच्या अक्षरात एकच शब्द : 'दादा'.

"या वर्षीच्या जांभळाची आहे. आजवरची सगळ्यात चांगली. त्याच्यासाठी ठेवली."

मी म्हटलं, "पण बाबा तर..."

"मले माहीत आहे ना बेटा. आईले शब्द दिला तेव्हा मीही तिथंच होती. तरी वाटते, एकदा त्यानं जिभेला लावावं. नाकानं त्याले सगळं समजते, पण नाक लांबूनच असते." मग ती हसली. "तू सांगू नको हां त्याले. तो मागेल तेव्हा द्यायची. मागितल्याशिवाय नाही."

तेराव्यानंतर क्वार्टर रिकामी करून द्यायची होती. बाबा बाहेरच्या खोलीत भांडी बांधत होते. मी ट्रंकेतून ती बाटली काढली, तिच्या पांढऱ्या साडीत गुंडाळली आणि घरी येऊन माझ्या कपाटात मागे ठेवली. बाबांना सांगितलं नाही. सांगू नको असं आत्याच म्हणाली होती, हे कारण मला फार सोयीचं होतं. पण ज्या गोष्टीची खबरच नाही ती माणूस मागणार कशी, हे मला दर शनिवारी एसटीत बसल्यावर सुचायचं आणि साकोली आली की मी ते बाजूला ठेवायची.

आणि मी अजून एक केलं. पहिल्याच शनिवारी ते मेण नखाने सोललं आणि बूच उघडलं. फक्त वास घ्यायला. आत्याच्या खोलीचा, उकळलेल्या रबराचा, जांभळाचा, त्या एका लवंगेचा वास... मी बूच लावून टाकलं. पुढच्या शनिवारी परत. असे दहा शनिवार. इतकी वर्षं तिचं काम पाहून मला हे कळायला हवं होतं की ती मेण का लावायची.

मार्च संपत आला होता, ऊन तापायला लागलं होतं. दहाव्या शनिवारी बूच काढलं आणि नाकात झणझणीत काहीतरी गेलं. मी पटकन बूच लावलं. तोपर्यंत बाबा दारात उभे होते. ते पडवीत पेपर वाचत होते, पण त्यांच्या नाकाला पडवी म्हणजे काहीच नाही.

"मिनू, काय आंबलं व?"

मी बाटली मागे लपवली. चोवीस वर्षांची मी, पदराआड बाटली धरून उभी. बाबांनी हात पुढे केला आणि मी दिली. त्यांनी चिकटपट्टी वाचली. मग पलंगावर बसले, आणि मी सांगितलं... दिवाळीचं, ट्रंकेचं, मेणाचं, दहा शनिवारांचं. एका दमात इतकं मी बाबांशी आयुष्यात बोलले नव्हते. शेवटी म्हटलं, "मी खराब केली, बाबा. तिची शेवटची होती."

ते बाटली नाकाशी धरून बसले. त्यांना रडताना मी तेव्हा पाहिलं, आणि त्याविषयीही जास्त लिहिणार नाही. मग त्यांनी डोळे पुसले आणि वर्गात विचारतात तशा आवाजात विचारलं, "हे आता दारू आहे का?"

"नाही. हवा लागून सिरका झालाय, व्हिनेगर."

"पक्का?"

"पक्का."

"म्हणजे आईचा शब्द शाबूत आहे." ते उठले. "कांदे चिर."

आईला काहीच माहीत नव्हतं, पण तिने विचारलं नाही. तिने लाखोळीची डाळ भिजवलीच होती. मी कांदे चिरले, वर मीठ आणि बाटलीतला तो जांभळा सिरका ओतला. तासाभरात कांदे गुलाबी झाले. बाबा पाटावर बसले, गरम वडा मोडला, त्याच्यावर कांद्याच्या दोन फोडी ठेवल्या. क्षणभर थांबले आणि घास तोंडात घातला. आई आणि मी बघत होतो.

मी वही आणली. "कशासारखं लागतं? छान म्हणायचं नाही."

ते चावत राहिले. "सिंधू रागावल्यावानी," म्हणाले. "आधी झोंबते. मंग गोड वाटते."

त्यांनी परत कांदे घेतले. मग परत.

"बाबा, तिसऱ्यांदा झालं."

"होऊ दे. पुढच्या वेळी बोलावू नको मले," ते म्हणाले आणि आई हसली. अडीच महिन्यांनी आमच्या स्वयंपाकघरात कुणी हसलं.

वहीत बाबांच्या नावापुढे मी त्या दिवशी पहिल्यांदा 'चव' असं लिहिलं.

बाटली आता स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी उभी असते. चिकटपट्टीची कड उकलली आहे, पण अक्षर तसंच आहे. शनिवारी मी नागपूरहून येते, हातपाय धुते, पानं मांडते. बाबा बसतात, पानावर नजर फिरवतात आणि म्हणतात, "मिनू, माझी बाटली दे."

ते मागतात, आणि मी देते.