कागद चाखणाऱ्या आक्का

आक्कांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या माझ्या चुलतभावाची लग्नपत्रिका खात होत्या. निदान मला तसे वाटले. काकांनी अदबीने पुढे केलेल्या पत्रिकेचा कोपरा त्यांनी टरकन फाडला, जिभेवर ठेवला, डोळे मिटून क्षणभर घोळवला आणि मग बोटांत चुरून पाहिला.

"गुळगुळीत हाय," त्या म्हणाल्या. "ह्याचा लगदा न्हाई व्हायचा. मुलीकडच्यांनी छापलीया व्हय?"

पत्रिका काकांनीच छापून घेतली होती. त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

सीमाभागातल्या शहापुरात आमच्या मागच्याच गल्लीत आक्कांचे घर होते. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता हाताने मातीची शिल्पे घडवत असत. चाकाला त्यांनी कधी हात लावला नाही. "चाकावर समदं गोलच हुतंय. मला गोल नको झालंय," हे त्यांचे कारण. खानापूरची तांबडी माती आणि भिजवून कुटलेला रद्दी कागद यांचे मिश्रण त्या वापरत आणि त्याला कागदमाती म्हणत. तिच्या पट्ट्या लाटून त्या गच्चीवर वाळत घालत. समोरच्या गच्चीवरून कोणी "कसले पापड, आक्का?" असे विचारले, की उत्तर ठरलेले असे: "मातीचे. सासूला वाढतीस? देतो दोन." (आमच्या भागात बायकाही 'देतो', 'बघतो' असेच म्हणतात.) जिन्याखाली लगद्याची बादली कुजत असे. तिच्या वासामुळे गॅसवाला सिलिंडर उंबऱ्याबाहेरच ठेवून परत जाई.

मटेरियल सायन्समध्ये एम.एस्सी. करून मी त्या वर्षी घरी बसले होते. संशोधनासाठी कुठे निवड होते याची वाट पाहत होते, आणि वाट पाहणे हे काम मला जमत नाही. सच्छिद्र सिरॅमिक हा माझा विषय. तो मागच्या गल्लीत पापडासारखा वाळत पडलेला पाहून मी रोज आक्कांकडे जाऊ लागले. साध्या मातीत ओला भाग वाळलेल्या भागाला जोडता येत नाही, कारण ओला आकसतो, वाळलेला आकसत नाही आणि सांधा उकलतो. कागदमातीत कागदाचे तंतू दोन्हीकडे रुततात आणि सांधा टिकतो. मी हे समजावून सांगितले, तेव्हा आक्का वाळलेल्या घोड्याला ओले शेपूट लावत होत्या. "वाळलं म्हणून काय झालं?" त्या म्हणाल्या. "चिकटतंय की."

मात्र भाजल्यावरही कागद मातीच्या आतच राहतो, अशी त्यांची ठाम समजूत होती. मी एक तुकडा भट्टीत घालण्यापूर्वी आणि नंतर त्यांच्यासमोर तोलला. कागद जळून जातो, त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात, म्हणून वस्तू इतकी हलकी होते, असे दाखवून दिले. आक्का तराजूकडे पाहत राहिल्या.

"म्हंजे इतकी वर्षं मी कागद जाळायलोय म्हण की." त्यांनी मान डोलावली. "जाऊ दे. काम करून गेला." दुसऱ्या दिवशी त्या शेजारणीला हा शोध स्वतःचा म्हणून सांगत होत्या आणि मला पाहून जराही अडखळल्या नाहीत. "ही आमची शास्त्रीणबाई. हिलाबी म्हाईत हाय," एवढी भर मात्र त्यांनी घातली.

त्या उन्हाळ्यात आक्कांनी बैल करायला घेतला. संकेश्वरजवळच्या खेड्यात त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, आणि वहिनी राहत. शेतात ट्रॅक्टर आला तरी अण्णांनी वहिनींच्या माहेराहून आलेला सर्जा नावाचा एक बैल पोसला होता. तो म्हातारा होऊन गेला आणि अण्णा रिकाम्या गोठ्यात बसून राहू लागले. सर्जाची घुंगरमाळ खुंटीला होती. तिला ते कोणाला हात लावू देत नसत. त्याच्या पाठीमागे आलेला बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, त्यांनी पाळला नव्हता. "गोठ्यात बैल न्हाई, तर पुरणपोळी कुणाला चारू? तुला?" असे ते वहिनींना म्हणाले होते. आक्कांनी हे ऐकले आणि येत्या बेंदराला गोठ्यात बैल उभा करीन, असा शब्द देऊन बसल्या.

बैल वासराएवढा होता आणि आतून पोकळ होता. सुट्या भागांत तो खेड्यात नेऊन आम्ही तिथेच जोडला, वाळवला आणि त्याच्याभोवती विटांची भट्टी रचली. एका बाबतीत आमचा वाद झाला. सर्जाचे वशिंड डौलदार होते, म्हणून आक्कांनी पाठीवर भरीव माती थापली.

"आतला ओलावा निघणार नाही," मी म्हणाले. "वाफ धरून फुटेल. पोकळ करा, नाहीतर भोके तरी पाडा."

"वशिंडाला भोकं? बैल हाय का बासरी?"

लाकडे आणि उसाची चिपाडे पेटवली. पांढरा धूर निघाला तेव्हा आक्का हात जोडून म्हणाल्या, "चालला बघ कागद." तेवढ्यात आतून धप्प असा आवाज आला.

भट्टी निवल्यावर विटा काढल्या. पाय, शिंगे, शेपूट सगळे जागेवर होते. फक्त वशिंडाच्या जागी खड्डा होता. अण्णा काठी टेकत आले आणि बैलाला एक फेरी घालून थांबले.

"ही तर जरशी गाय झाली की गं, कमळे," ते आक्कांना म्हणाले.

कोणीच हसले नाही. मग आक्का हसल्या आणि सगळेच हसलो. अण्णा मात्र गोठ्याकडे वळले. बेंदूर तोंडावर आला होता.

"शास्त्रीणबाई, तू बरोबर हुतीस," आक्का म्हणाल्या. "आता पुढचं बोल."

नवी माती आकसणार आणि भाजलेली आकसणार नाही. म्हणून कागद पुष्कळ वाढवायचा, वशिंड पातळ आणि पोकळ करायचे, सावकाश वाळवून पुन्हा भाजायचे, असे मी सांगितले. भाजलेल्या अंगावर ते टिकेल याची खात्री मात्र मी दिली नाही.

"भाजलं म्हणून काय झालं?" आक्का म्हणाल्या. "चिकटतंय."

"पण ह्या हवेत वाळायला दिवस लागतील," मी म्हणाले. " बेंदूर हुकणार."

आमच्या सीमाभागात बेंदूर दोन असतात: ज्येष्ठातला कर्नाटकी आणि त्यानंतर महिन्याने आषाढातला महाराष्ट्री. कोणते गाव कोणता पाळते हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. आक्कांनी गोठ्याकडे तोंड करून आवाज दिला, "अण्णा, औंदा महाराष्ट्री करूया."

"आपल्यात कर्नाटकीच. बापानं केला, आज्ज्यानं केला."

"सर्जा कुठं आपला हुता? वैनीच्या म्हायेरचा हुता. कागलकडं महाराष्ट्रीच करत्यात."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. "करू द्या की," त्या म्हणाल्या. "ह्या घरात माझ्या म्हायेरचं कायतरी एकदा चालू दे. पुरणाचं मी बघतो. वन्सं, तुमी वशिंडाचं बघा."

अण्णांनी दोघींकडे पाहिले आणि काठी भिंतीला टेकवली. आम्ही तो होकार मानला.

या वेळी वशिंडाला आतून भोके पाडली, ती आक्कांनी स्वतः, विणकामाच्या सुईने. दुसऱ्या भट्टीत आवाज झाला नाही.

आषाढातल्या बेंदराला बैल गोठ्यात उभा राहिला. शिंगांना हुरमुंजाचा लाल रंग होता आणि पाठीवर झूल म्हणून शहापुरी लुगडे. अण्णांनी वशिंडावरून हात फिरवला.

"सांधा लागतोय हाताला."

"लागंल की. सर्जाच्या अंगावर काय वळ नव्हता?"

अण्णा खुंटीपाशी गेले. त्यांनी घुंगरमाळ काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि बैलाच्या गळ्यात घालायला वाकले. शिंगे आडवी येत होती. "मान जरा खाली घे रं," ते सवयीने म्हणाले. मग त्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही तिघी तिसरीकडेच पाहत होतो.

आता त्या घरी दोन्ही बेंदूर होतात, एक बापाचा आणि एक वहिनींच्या माहेरचा. वर्षातून दोनदा पुरण वाटावे लागते म्हणून वहिनी आक्कांच्या नावाने कुरकुरतात आणि दोन्ही वेळा त्यांनाच बोलावतात.

माझी निवड झाली ती पुण्याला. स्टँडवर आक्का मला गाडीत बसवायला आल्या. मी नियुक्तीचे पत्र त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले, पुन्हा एकदा वाचले, डोळे पुसले. मग कोपरा टरकन फाडून जिभेवर ठेवला.

"लई बेस," त्या म्हणाल्या. "तुझं काम हुईस्तवर ठेव. मग दे धाडून माझ्याकडं."

रुजू होताना कार्यालयातल्या बाईंनी पत्र उलटसुलट करून पाहिले आणि कोपरा कुठे आहे असे विचारले.

"चाचणीसाठी नमुना काढला आहे," मी सांगितले. "उत्तीर्ण झाला."