बाहेर काढलेली खाट

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आणि त्यावरून चर्चच्या मंडळीतल्या काहींनी मला गर्विष्ठ ठरवलं आहे. ठरवू दे. माझे आजोबा मिशनच्या बंगल्यात माळी होते, बाबा भोपाळच्या सरकारी कारखान्यात लेथवर उभे राहिले आणि मी बी.एस्सी. झाले. यात प्रभूची कृपा किती आणि बाबांच्या सुजलेल्या पायांचा वाटा किती, हे मला अजून वेगळं करून सांगता येत नाही.

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये माणसाची ओळख त्याच्या क्वार्टरवरून व्हायची. आमचं सगळ्यात लहान. एक खोली, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि पुढे हातभर अंगण. वरच्या रस्त्याला साहेबलोकांचे बंगले. फाटकाशी नावाची पाटी, आत हिरवळ. नगर, जालना, सोलापूरकडून नोकरीसाठी आलेली आम्ही पंधरा-वीस मराठी ख्रिस्ती कुटुंबं. रविवारची उपासना हिंदीत, सगळ्यांबरोबर. पण शनिवारी संध्याकाळी आमची मराठी प्रार्थना असायची, नंबराने घरोघरी. दोन गीतं, शास्त्रवाचन, प्रभूने आपल्यासाठी काय केलं याची कुणाची तरी साक्ष, पाळकसाहेबांचं चार शब्द बोलणं आणि मग चहा.

नंबराने म्हणायचं, पण नंबर आमच्या घरावर आला की पुढे सरकायचा. एका वर्षी माझी दहावीची परीक्षा म्हणून, एकदा आमच्या गल्लीत नळाचं खोदकाम म्हणून, एकदा काहीच कारण न सांगता. आई दर वेळी म्हणायची, पुढच्या वेळी होईल. आईला आशा हा शब्द शिकवावा लागला नव्हता. मला मात्र त्या शब्दाचा राग यायला लागला तो तेव्हापासून.

आईची इच्छा एवढीच होती की तिच्या घरात एकदा मंडळीने गुडघे टेकावेत. ती बंगल्यांत कधी कामाला गेली नाही, पण तिथे प्रार्थनेला गेली की दाराजवळच्या सतरंजीवर बसायची आणि कप विसळायला सगळ्यांच्या आधी उठायची. तिला कुणी उठ म्हटलं नव्हतं. बस असंही कुणी म्हटलं नव्हतं.

मी सेकंड इयरला असताना शनिवारच्या प्रार्थनेच्या यादीत आमचं नाव आलं. मंडळीच्या सेक्रेटरींनी उपासनेनंतर ते मोठ्याने वाचलं. हे सेक्रेटरी कारखान्याच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. सभ्य माणूस, आवाज गोड. आईने घरी येऊन पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर खोलीत पावलं मोजली. माणसं पंचवीस, खोली एवढीशी. मग तिनं ठरवलं, सामान बाहेर.

त्या शनिवारी सकाळपासून आम्ही घर अंगणात काढत होतो. लोखंडी खाट, दोन ट्रंका, शिवणाचं मशीन, माझं अभ्यासाचं टेबल. आदल्या रविवारी बाबांनी चुन्यात नीळ घालून भिंतींना हात मारला होता. शेजारची सागर जिल्ह्याकडची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "क्यों भाभी, क्वार्टर खाली कर रहे हो क्या?"

आई हसली. म्हणाली, नहीं, आज हमारे घर प्रार्थना है। तिनं ते इतक्या तोऱ्यात सांगितलं की मी वळून बघितलं. माझ्या गर्वाबद्दल बोलणाऱ्यांना मी सांगते, तो मला कुठून मिळाला ते मी त्या दिवशी पाहिलंय.

चार वाजता सेक्रेटरी स्कूटरवरून आले. उतरले नाहीत. एक पाय जमिनीला टेकवून त्यांनी अंगणातल्या खाटेकडे बघितलं आणि बाबांना म्हणाले की प्रार्थना आज मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावर ठेवली आहे. जालन्याहून पाहुणे पाळक आलेत, माणसं जास्त होतील. मग आईकडे वळून म्हणाले, "तुम्हाला त्रास नको, वहिनी. तिथे सगळ्यांना सोयीचं पडेल."

आई म्हणाली, "त्रास कसला, भाऊ? मी शिरा केलाय."

"मग घेऊन या ना तिकडेच," असं म्हणून ते गेले.

मी जाणार नाही म्हणाले. आईने साडी बदलली, शिऱ्याचं पातेलं फडक्यात बांधलं आणि निघाली, म्हणून आम्हीही निघालो. सामान अंगणातच राहिलं, शेजारणीला बघायला सांगून.

बंगल्यात टेबलावर केक होता, कागदी प्लेटा होत्या. मॅडमनी पातेलं घेतलं, थँक यू म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. पाहुणे पाळक कृपेवर बोलले. कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेलं दान, असं त्यांनी तीनदा सांगितलं. आई मान हलवत होती. मी मॅनेजरसाहेबांच्या पडद्यांकडे बघत होते. लायकी नसताना मिळतं ते कुणाला, हे मला कळेना. आम्हाला तर नसलेल्या लायकीची आठवण तेवढी मिळत होती. जागा नव्हती म्हणून गोठ्यात जन्मलेल्या प्रभूची आम्ही मंडळी, आणि आमच्याकडे जागा नव्हती म्हणून प्रार्थना होऊ शकली नाही. हे मी तिथेच उठून म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. कॉलेजात वादविवादात बक्षीस घेणारी मी, केक खाल्ला.

निघताना आईने स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन पातेलं आणलं. फडक्याची गाठ तशीच होती. तो शिरा आम्ही सोमवारपर्यंत खाल्ला. आईने पुन्हा कधी शिरा केला नाही.

बाबा निवृत्त झाले तेव्हा खाट दुसऱ्यांदा अंगणात आली. शेजारणीने तेच विचारलं आणि या वेळी आई हो म्हणाली. रिकाम्या खोलीत उभी राहून ती मला म्हणाली की आता जागाच जागा आहे, पाळकसाहेबांना बोलावूया का. मी म्हटलं, आई, ट्रक उभा आहे.

त्यानंतरचं सगळं चांगलं झालं. मी शिक्षिका झाले, भोपाळातच कोलार रोडला फ्लॅट घेतला. बाबा गेले, आई माझ्याजवळ राहिली. माझा हॉल मोठा, म्हणून शनिवारची प्रार्थना बऱ्याचदा आमच्याकडेच होऊ लागली. मी शिकलेली, अक्षर चांगलं, म्हणून मंडळीने मला सेक्रेटरी केलं. साक्ष देताना मी सांगायचे, माझी आत्मिक वाढ कशी झाली, जुना कडवटपणा प्रभूने कसा काढून टाकला. लोक आमेन म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी एक विधवा बाई मंडळीत आली. दवाखान्यात आया आहे, आमच्या सोसायटीमागे एका खोलीत भाड्याने राहते. तिचं नाव मी स्वतः यादीत लिहिलं. तिचा शनिवार आला तेव्हा दोन म्हाताऱ्यांचे गुडघे दुखत होते, आणि तिच्याकडचा जिना अरुंद. मी दुपारी तिला फोन केला.

"तुम्हाला त्रास नको," मी म्हणाले. "आमच्याकडे ठेवूया, सगळ्यांना सोयीचं."

बोलताना मला काहीसुद्धा आठवलं नाही. हेच मला अजून सहन होत नाही.

ती वेळेवर आली. हातात स्टीलचा डबा होता. मी समोसे मागवले होते, म्हणून डबा घेऊन ओट्यावर ठेवला. प्रार्थना झाली, सगळे गेले, तीही गेली. मी आत आले तर आई ओट्याशी उभी होती, डब्याचं झाकण काढून. आत नारळाच्या वड्या, कडा जपून कापलेल्या. आईला साखरेचा त्रास आहे. तिनं एक वडी तोंडात टाकली आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"खोलीतून काय काय बाहेर काढलं होतं गं तिनं?"

आई दुसरी वडी खात राहिली.

दुसऱ्या दिवशी उपासना संपल्यावर मी रिकामा डबा आणि यादी घेऊन तिच्याकडे गेले. जिना खरंच अरुंद होता. वरच्या गच्चीत खाट उभी करून भिंतीला टेकवलेली, शेजारी सिलिंडर आणि कपड्यांची बोचकी. तिनं ते अजून आत नेलं नव्हतं. एकटीने काढलं असेल, एकटीला आत घेणं झालं नसेल. मी म्हटलं, चुकलं माझं, पुढचा शनिवार तुमच्याकडे. चला, खाटेला हात लावते.

ती दारात उभी राहिली. डबा घेतला. अगदी नम्रपणे म्हणाली, "राहू दे ना ताई. तुमच्याकडेच बरं आहे. सगळ्यांना सोयीचं."

क्षमा मागितली की मिळते, असं मी लहानपणापासून पाठ केलंय. कदाचित देवाकडून मिळत असेल. त्या दारातून मिळाली नाही, आणि मागण्याचा हक्क मला आहे असंही वाटेना. खाटेला तिनं हात लावू दिला नाही.

घरी आले तर आई खिडकीशी बसून वाट बघत होती.

"आत बोलावलं का?"

"नाही."

"बरं केलं तिनं," आई म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.