उलटा चारधाम

कोमल पहिल्या बेसवर थांबलेली मी क्वचितच पाहिली. चेंडू मारला की ती सुटायची. सर ओरडायचे, "थांब!" ती दुसरी बेस गाठून गुडघ्यावरची माती झटकत म्हणायची, "थांबलं की मुकादम बघतो, सर." आम्ही हसायचो. भिंगारच्या मैदानावर मुकादम कुठला? पण पाथर्डीकडच्या त्या पोरीचं लहानपण उसाच्या फडात गेलं होतं, आणि फडात पाठ सरळ केली तरी शिवी बसते.

बेसबॉल आपल्याकडे कुणी बघत नाही, म्हणून सांगते. चेंडू मारून पहिल्या बेसवर पोचलात तर सिंगल, दुसरीवर डबल, तिसरीवर ट्रिपल, आणि फिरून जिथून निघालात तिथे, होमवर, आलात तर होमरन. एकाच सामन्यात एकीनेच हे चारही फटके मारले की आम्ही मुली त्याला चारधाम म्हणायचो. ओळीने झाले तर सरळ. होमरनपासून खाली उतरत आले तर उलटा. तो आमच्यातल्या कुणी पाहिलेला नव्हता. "म्या उलटाच करीन," कोमल म्हणायची. "सरळ रस्त्यानं आमाला कोन जाऊ देतंय?"

निवडीच्या सामन्याला तिचे वडील आले होते. सरांना म्हणाले, "राज्याच्या संघात घेतली तर ऱ्हाऊ द्या वसतिगृहात. न्हाईतर यंदा कोयता जोडायचाय." कोयता म्हणजे इथे हत्यार नव्हे. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस अर्धा. सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न लावायला एवढं कारण पुरतं. वर याला आपण रीत म्हणतो!

त्या दिवशी तिने आधी होमरन मारला, मग ट्रिपल, मग डबल. शेवटच्या खेपेला हवा होता फक्त सिंगल, सगळ्यांत सोपा. सामना बरोबरीत, मी दुसऱ्या बेसवर. तिने चेंडू लांब मारला. मी तिसरी ओलांडून होमकडे धावले, पण चेंडू माझ्याआधी तिथे पोचणार आणि मी बाद होणार हे सगळ्यांना दिसत होतं. तिकडे कोमल पहिल्या बेसवर पोचली होती आणि सर दोन्ही हात वर करून ओरडत होते, "थांब! झालं तुझं! थांब!"

ती मुद्दाम, सगळ्यांना दिसेल अशी, दुसऱ्या बेसकडे सुटली. चेंडू मला सोडून तिच्यामागे गेला. मी होमवर पाय टेकला, आणि मग ती बाद झाली. सामना आम्ही जिंकलो.

निवड समितीतले एक साहेब म्हणाले, "हावरट आहे. हातातलं घालवलं." तिचं नाव यादीत नव्हतं. मी तिला धरून रडले, "येडी आहेस का तू?"

"अगं, तू घरी पोचली ना? मग रडती कशाला?"

दिवाळीनंतर तिचा कोयता जोडला. पुढच्या हंगामात, नेवाशाकडच्या फडात, सातवा महिना असताना, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना ती पडली. दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही. टोळीतले म्हणाले, "थांब म्हनलं व्हतं, पन ती आयकंना." खोटं. फडात बाईला थांब कुणी म्हणत नाही.

तिच्या दहाव्याला सर खाली मान घालून म्हणाले, "मी नंतर नियम पाहिला. दुसऱ्या बेसकडे धावताना बाद झाली तरी फटका सिंगलच धरतात. तिचा उलटा चारधाम पुरा झाला होता. तिथं कुणालाच माहीत नव्हतं."

"साहेबांना सांगितलंत?"

"आता काय उपयोग?"

आता मी वस्त्यावस्त्यांवर बालविवाहाविरुद्ध पत्रकं वाटते. परवा एका दारात कोमलचे वडीलच समोर आले. पत्रक घेतलं, नीट घडी घालून टोपीत ठेवलं. आत तिची धाकटी बहीण भांडी घासत होती. म्हणाले, "हिचं बी जमलंय. हंगाम तोंडावर हाय, ताई. जरा थांबा."

मी त्याच पावली पोलीस ठाण्यात गेले.