हमीदला बसवून वाढायचं होतं

आलापल्लीला पुतणीच्या साखरपुड्यात मी नेहमीसारखा पहिल्या पंगतीत बसलो होतो. पानात वडे पडले होते, कढी यायची होती, आणि खिशातला फोन वाजला. रामटेके होता. "हमीद नाई राह्यला बे," म्हणाला. "दुकानातच... गादी शिवता शिवता." मी फोन कानाला धरून तसाच बसलो. वाढणाऱ्याने कढी ओतली आणि पुढे गेला. त्याच्या जागी हमीद असता तर त्याने आधी माझं तोंड पाहिलं असतं, मग पान.

हमीदचं गाद्या-रजयांचं दुकान चंद्रपुरात जुन्या किल्ल्याच्या गेटाच्या आत. आम्ही तिघं शाळेपासूनचे. तो, वनखात्यातून निवृत्त झालेला रामटेके आणि मी. लग्न असो, तेरवी असो की रामटेकेच्या वस्तीतलं जयंतीचं जेवण, हमीद आला की शर्टाच्या बाह्या वर करायचा आणि भाजीची बादली उचलायचा. कोणी सांगायची गरज नसे. आमच्याकडे वाढणारा शेवटी जेवतो. म्हणजे हमीद शेवटच्या पंगतीला, आणि मी पहिल्या पंगतीचा कायमचा मानकरी. त्याचं ताट मांडलं जाईपर्यंत पान खाऊन घरी जाऊन झोपलेला. पण झोप लागण्याआधी एक गोष्ट टोचायची. या माणसाला गरम जेवण कधी मिळत असेल का? पुढे त्याला शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले वेळेवर जेवत जा. मग मी मनावर घेतलं. एकदा तरी हमीदला बसवायचं, त्याच्या हाताला काम म्हणून द्यायचं नाही, आणि पहिला घास त्याला घ्यायला लावायचा.

त्यासाठी लग्नघर उपयोगाचं नव्हतं. नागपूर रोडवर वाघ बघायला येणाऱ्यांसाठी एक टोलेजंग हॉटेल झालं होतं, त्यात विलायती पद्धतीचा पब होता. तिथे टायवाले वेटर असणार, हमीदला बादली कोण देणार, असा माझा हिशेब. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी दोघांना घेऊन गेलो. आत काळ्या लाकडाच्या भिंती, पिवळे दिवे, शिकारीला निघालेल्या गोऱ्या घोडेस्वारांची चित्रं, आणि कोपऱ्यात चक्क शेकोटी. विजेवर लाल दिसणारी. बाहेर चंद्रपूर भाजून निघत होतं. हमीद त्या शेकोटीकडे बराच वेळ बघत राहिला. "याइले थंडी वाजते काऊन?" म्हणाला. रामटेकेने टेबलावर बोटं वाजवून पाहिली आणि जाहीर केलं, "सागवान नाई हे."

मी बजावलं, "हमीद, आज तू जागेवरून उठायचं नाई."

"नाई उठत बाबा. बसलो."

बसलो तर बसलोच. कोणी येईना. मी दोघांना समजावलं की विलायती जेवण म्हणजे असंच असतं, घाई करणं गावंढळपणाचं. त्यांच्याकडे दुपारभर बसतात. आसपासच्या टेबलांवर ताटं येत होती, आमचं पाण्यावर चाललं होतं. हमीदचा हात पुन्हापुन्हा बाहीकडे जायचा आणि माझ्याकडे बघून परत खाली यायचा. शेवटी रामटेकेने माझ्या डोक्याच्या वर पाहिलं. "पभ्या, तुया मागं पाटी हाय. काउंटरवर जाऊन सांगा, आपलं आपण घेऊन जा, असं लिवलं हाय."

मी मान वळवेपर्यंत हमीद उठला होता. इतका खुशीत की मला अडवणं जमलं नाही. हजारोंच्या सजावटीचं हॉटेल शोधून मी त्याला नेमका अशा जागी आणला होता जिथे वाढणं सक्तीचं होतं. त्याने रामटेकेची बिअर आणली, माझी आणली, स्वतःसाठी लिंबू सोडा, माझी भाजलेली कोंबडी, रामटेकेचं सूप आणि पाव. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्याला वेटर समजून सॉस मागितला. त्याने नेऊन दिला, वर विचारलं, "और कुछ?" त्यांना पाणीही हवं होतं.

सगळ्यांचं मार्गी लावून तो बसला तेव्हा त्याचा तळलेला मासा गार होऊन पडला होता. मला राहवलं नाही. "थांब, गरम करून आणतो," म्हणत मी ताट उचललं. आयुष्यात पहिल्यांदा हमीदला मी वाढणार होतो... शेकोटीपुढच्या पायरीला पाय अडखळला आणि मासा बटाट्यांसकट त्या न जळणाऱ्या विस्तवात जाऊन पडला. सगळा पब वळून बघायला लागला. हमीद पोट धरून हसत होता. "राहू दे तिथीच," म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शिजते." मग त्याने आमच्या दोघांच्या ताटात उरलेलं एकत्र केलं आणि जेवला. निघताना माझं तोंड बघून म्हणाला, "पुढच्या बारीले बसतो ना बे. तू म्हणशील तसा."

पुढची बारी आली नाही.

त्याच्या चाळिसाव्याला मी गेलो. भाभींनी "भाईसाब, बैठो" म्हटलं. बसवेना. बाह्या वर केल्या, डाळ-मटणाच्या दालच्याचं भगोनं उचललं. दोन पंगती होईतो कंबर मोडली. मग वाढणारे तेवढे उरलो. रामटेकेही होता. सतरंजीवर कोणी पाय पसरून बसलं, कोणी भिंतीला टेकलं. भाताची तळाला लागलेली खरपुडी काढण्यावरून चेष्टा सुरू झाली. कोणालाही कुठे जायचं नव्हतं.

मी रामटेकेला हळूच म्हणालो, "बिचारा जन्मभर असा गार जेवला."

रामटेके माझ्याकडे वळला. "बिचारा? पभ्या, वाढणाऱ्याले शेवटी बसवूनच वाढतात. मी त्याले वाढत होतो, तो मले. गप्पा मारत तासभर उठत नव्हता तो. तुया वाटचं पान बी टाकत होता कधीकधी. तू घरी गेला राहे."

रामटेकेने माझ्या ताटात भात घातला, त्यावर दालचा. मी त्याच्या ताटात घातला. गारच होता. आम्ही फार सावकाश जेवलो.