आई परत येत नाही

शेजारची मुक्ता गॅलरीत मांडी घालून ऐकत होती आणि मी वाचत होते. एका ऑस्ट्रेलियन लेखिकेची मुलांसाठीची कादंबरी मी मराठीत आणत होते. वणव्यात सापडलेली आई घरी परत येत नाही, असा तिचा शेवट आहे. नऊ वर्षांच्या मुक्ताचे बाबा मागच्या वर्षी गेले, म्हणून त्या पानाशी मी अडखळले.

"मावशी, आई परत येते?"

"नाही येत गं."

ती म्हणाली, "बरं झालं, खरं लिहिलंय. मला सगळे सांगतात, बाबा तारा झाले म्हणून."

याच लेखिकेची मोठ्यांसाठीची कादंबरी मी आधी मराठीत केली होती. तिच्यात तर घरंच्या घरं उजाड होतात. तेव्हा माझे संपादक त्या कादंबरीला 'धीट' म्हणाले होते. या वेळी त्यांचा फोन आला, "ताई, मुलांना हे झेपणार नाही. आईला परत आणा, लगेच छापू."

दुःख घरात शिरताना कुणाचं वय विचारत नाही. लेखिकेनं लहानमोठ्यांना सारखंच खरं सांगितलं, मग मी मध्येच खोटं का बोलू?

"आई परत येणार नाही," मी म्हटलं.

"मग पुस्तकही येणार नाही."

"नको येऊ दे."

आता रविवारी सकाळी इमारतीतली मुलं जमतात आणि मी त्यांना हाच अनुवाद वाचून दाखवते. मागच्या खेपेला एक मुलगी हुंदके द्यायला लागली. मुक्ता सरकून तिच्याजवळ बसली.

"रड खुशाल," ती म्हणाली, "पण कान झाकू नकोस."