इवायांचे जोते

जमिनीवर आमच्या इवायांइतका अविश्वास बाळगणारा माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही. इवाई म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. सारी नोकरी त्यांनी वणीकडे कोळशाच्या खाणीत काढली आणि निवृत्त होऊन नेरला आले ते "हिले मी खालून पाह्यलं आहे, इवाई" हे वाक्य घेऊनच. चालताना ते आधी टाच टेकवून अंदाज घेत, मगच वजन टाकत. लग्नाच्या मांडवातसुद्धा खुर्चीचे चारही पाय नीट बसल्याखेरीज त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्यांचे धाकटे बंधू हल्ली चारचौघांत सांगत फिरतात, की दादाला परसात कुदळ-फावडे ठेवायची एवढीशी खोली उभी करता आली नाही. हे धादांत असत्य आहे आणि हयात असेतो मी ते खोडून काढीन. खोली झाली नाही, हे खरे. पण पाया झाला होता, आणि असा पाया त्या बंधूंच्या स्वतःच्या घराला नाही.

पहिल्या वर्षी इवायांनी काळ्या मातीवर नुसत्या फरश्या अंथरल्या. त्यांवर काठोकाठ भरलेली पितळी थाळी ठेवून ते उकिडवे बसत. पाणी ज्या कडेने सांडेल त्या बाजूने पाया दगा देतो, ही त्यांची परीक्षा. पावसात माती फुगली, थाळी कलंडली. पुढच्या वर्षी विटांचे जोते बांधले. वैशाखात जमीन भेगाळली आणि तेही मधोमध तडकले. इहीनबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओसरीतल्या गंजक्या फावड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "फावडंच ठेवाचं आहे नं? का धरण बांधून राह्यले तुमी?" इवाई शांतपणे उत्तरले, "मानूस रुसला तं समजते. हे माती पावसात फुगते, उन्हात तडकते. हिचं कोन्तं रूप खरं समजाचं?"

तिसऱ्या खेपेस मात्र त्यांनी मुरूम लागेपर्यंत काळी माती उपसली, खड्ड्यात मुरूमच थराथराने ठोकून भरला आणि वर काँक्रीट ओतले. बंधू म्हणतात, ही युक्ती त्यांची. बंधू त्या दिवसांत मुकुटबनला लग्नाचे लाडू खात होते. मुरूम ठोकायचा धुम्मस मी चालवला, साक्षीला माझा खांदा आजही दुखतो. पावसाळा सरला, उन्हाळा सरला, थाळी ढळली नाही. मी म्हणालो, "आता तरी भिंती चढवा." आत दोन खुर्च्या टाकायच्या आणि उरलेले आयुष्य आम्ही दोघांनी तिथे बसून भांडायचे, असे ठरले होते, कारण "घरात भांडलो तं हे तुमचीच बाजू घेते," अशी इहीनबाईंबद्दल त्यांची तक्रार होती. पण ते म्हणाले, "आनखी एक पावसाळा पाहू द्या, इवाई."

तो पावसाळा यायच्या आधीच, ज्येष्ठात, ते गेले.

त्यांच्या वतीने तो मी पाहिला. कापूस फुटू लागला तेव्हा नेरला गेलो, थाळी मागून घेतली, जोत्यावर ठेवून काठोकाठ भरली. बंधू मागे येऊन उभे राहिले होते. एक थेंब सांडला नाही. बंधूंनी थाळीच्या कडेने जोत्यावर बोट फिरवले, ते कोरडेच निघाले. मला मात्र जिंकल्याचा आनंद काही होईना. तेवढ्यात इहीनबाईंनी विचारले, "मंग इवाई, मिस्त्रीले बोलावू का आता?"

ज्या वाक्यावरून मी इवायांशी कडकडून भांडलो होतो, तेच माझ्या तोंडून निघाले, "आनखी एक पावसाळा पाहू द्या."

इहीनबाईंनी थाळी उचलली, आणि इतका वेळ स्थिर राहिलेले पाणी त्यांच्या हातांत हिंदकळले.